हेवी मेटलचं प्रदर्शन

"वीसपैकी एकोणीस," कानाच्या बाई म्हणाल्या, आणि मला वाटलं बाबांच्या कानांना इतके गुण मिळाले, म्हणून मी चांगली खूश होऊन "अरे वा!" म्हटलं. त्या हसल्या. "कानांचे नाहीत हो. कानांनी त्यांना वीसपैकी दोनच शब्द आले. एकोणीस आले ते ओठांचे. मी आवाजच काढला नाही, नुसते ओठ हलवले. एकच चुकला. मी म्हटलं पान, ते म्हणाले मान. त्यात त्यांची चूक नाही, प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. मी स्वतः शिकवलेल्या माणसांनाही इतकं येत नाही. घरी मुद्दाम सराव करून घेतलात का?" मी काचेपलीकडे पाहिलं. त्या छोट्या बंद खोलीत बाबा डोक्यावर हेडफोन घालून, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून, शाळेतल्या फोटोला बसल्यासारखे ताठ बसले होते. माझी नजर गेली तसे हसले. "नाही," मी म्हटलं. "आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं." "ते म्हणाले, हॅमर शॉपमध्ये सगळ्यांनाच येतं म्हणून. पन्नासेक वर्षं झाली म्हणे वाचतायत." बाई मग कानात घालायच्या नव्या यंत्राबद्दल सांगू लागल्या, बॅटरी कधी बदलायची, अंघोळीआधी काढायचं, पहिले काही दिवस त्रास होईल. मी मान हलवत होते. एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं.

पन्नास वर्षं. म्हणजे जवळजवळ माझ्या जन्मापासून. आमच्या घरात बाबांसमोर वाटेल ते बोलायची रीतच पडून गेली होती. "बोल गं, त्यांना कुठे ऐकू येतंय," हे आईचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते घराच्या दारावर पाटीसारखं लावलं असतं तरी चाललं असतं. आई त्यांच्या घोरण्याबद्दल, त्यांच्या भावांबद्दल, त्यांच्याशी लग्न करून काय मिळालं त्याबद्दल त्यांच्या समोर बसून बोलायची. दादाने नोकरी सोडल्याचं आईला सांगितलं ते बाबांच्या ताटासमोर. आणि मी? मागच्या महिन्यात मी फोनवर दादाला म्हणत होते, आता मला झेपत नाही रे, सहा महिने तरी तू ने त्यांना. बाबा समोरच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुरवणीचं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. मला वाटलं, किती भोळा माणूस. औषधांच्या खोक्यात घडी घालून येतो ना, बारीक अक्षरांचा कागद, त्याची मुद्रितं तपासायचं काम मी सत्तावीस वर्षं करते आहे. एक टिंब इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं, त्यामुळे ओळ ओळ बोटाखाली धरून वाचायची सवय. दुसऱ्यांच्या चुका पकडायचा मला पगार मिळतो. आणि घरात रोज समोर बसलेला माणूस मी अख्खा चुकीचा वाचला होता.

पण घोरणं, दादाची नोकरी, सहा महिने ने, हे सगळं एक वेळ पोटात घालता आलं असतं. मला घाम फुटला तो एका वाक्याने. पस्तीस वर्षांपूर्वी, सोळा वर्षांची असताना, मी ते बाबांच्या तोंडासमोर उभी राहून म्हटलं होतं, आणि जगात ते कुणीही ऐकलेलं नाही अशी माझी पक्की खात्री होती. खात्री असायला कारणही होतं. तेव्हा आजूबाजूला जो आवाज चालू होता त्यात मला स्वतःलाच माझं वाक्य ऐकू आलं नव्हतं.

हॅमर शॉप म्हणजे काय ते मी एकदाच पाहिलं, कारखान्याने कामगारांच्या मुलांना आत सोडलं होतं त्या दिवशी. भट्टीतून पिवळाधमक तापलेला लोखंडाचा ठोकळा बाहेर यायचा आणि वरून दोन मजली उंचीचा यांत्रिक घण त्याच्यावर पडायचा. आवाज यायचा नाही, धक्का यायचा, दातांत. तिथे दिवसाचे आठ तास उभं राहायचं, आणि कानांत घालायला तेव्हा कापसाच्या बोळ्याखेरीज काही नव्हतं. माझ्या जन्मानंतर दोन-तीन वर्षांत बाबांचे कान गेले. त्यांनी रेडिओ उचलून आईच्या ओट्यावर ठेवला आणि परत कधी त्याचं बटण फिरवलं नाही. पूर्वी ते गायचे, म्हणे. मी ऐकलेलं नाही. मला आठवतात ते ओरडून बोलणारे बाबा. बसमध्ये, दुकानात, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे ते तारस्वरात बोलायचे, आणि त्यांना त्याचा पत्ता नसायचा. "बाई, हिचं गणित कसं आहे?" असं त्यांनी विचारलं की तिन्ही मजल्यांना माझं गणित कळायचं. मी मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. घरात मात्र ते फारसे बोलत नसत. मला आणि दादाला त्यांनी हॅमर शॉपमधल्या हाताच्या खुणा शिकवल्या होत्या, तो आमचा लहानपणचा खेळ होता. मूठ उघडून झाकली की पाणी. तळहात खाली दाबला की सावकाश. दोन्ही हातांची फुली म्हणजे थांब, जीव जाईल. आणि पहिलं बोट नि करंगळी ताठ उभी, मधली दोन अंगठ्याखाली दाबलेली, असा हात वर केला की क्रेनवाल्याने समजायचं, माल दोन्ही आकड्यांत नीट अडकलाय, उचल.

भिंतीवरची ती जाहिरात मी आधी पाहिली की बाबांनी, ते आठवत नाही. काळ्या कागदावर चंदेरी अक्षरं होती. हेवी मेटलचा महासोहळा, खुलं मैदान, रविवार दुपारी चारपासून. दादाकडच्या कॅसेटवर मी तो बँड झिजेपर्यंत ऐकला होता, आणि तिकिटासाठी खाऊचे पैसे साठवून ठेवले होते. एकटीला कुणी सोडणार नाही हेही माहीत होतं. बाबा जाहिरातीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग ओरडून म्हणाले, "जड धातूंचं प्रदर्शन दिसतंय. जायला पाहिजे. कुठकुठल्या कंपन्या आहेत?" आता इथे एका सरळ मुलीने सांगायला हवं होतं. मी सरळ नव्हते. मी त्यांच्या कानाशी ओरडून म्हटलं, "बाहेरून येतायत सगळे." ते अर्धवट बोलणं कसं जमलं, मलाच कौतुक वाटलं होतं. बाबांनी दोन तिकिटं काढली, माझं तिकीटसुद्धा मला काढू दिलं नाही. रविवारी त्यांनी समारंभाला घालायचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला, खिशाला पेन लावलं, टिपणं काढायला छोटी वही घेतली, आणि दुसऱ्या खिशात व्हर्निअर घातला, कुणी नमुने मांडून ठेवले असले तर जाडी मोजायला. मी दादाचा काळा टी-शर्ट घातला होता. तो माझ्या गुडघ्यांपर्यंत यायचा आणि गळा एका खांद्यावरून घसरत राहायचा. आईने आम्हा दोघांना दारात पाहिलं आणि ती आत गेली. हसायला गेली असणार.

मैदानाच्या फाटकाशी बाबांना पहिला संशय आला. लोखंड कुठेच नव्हतं, होती ती काळ्या कपड्यातली केस वाढवलेली कॉलेजची पोरं. "विद्यार्थी फार आलेत," बाबा गर्दीच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात कौतुकाने म्हणाले, "चांगलं आहे, या लाइनीत कुणी येत नाही हल्ली." आजूबाजूचे दहा-बारा जण वळले. त्यांच्यात आमच्या वर्गाची मॉनिटर होती, तिच्या मोठ्या भावाबरोबर. तिने बाबांचा पांढरा शर्ट पाहिला, पेन पाहिलं, खिशातून डोकावणारा व्हर्निअर पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. जमीन दुभंगावी असं मला वाटत होतं, आणि तेवढ्यात ती खरोखरच हलली. पहिला ठोका मी कानांनी ऐकला नाही. तो तळव्यांतून आला, पोटऱ्यांतून वर चढला आणि बरगड्यांच्या आत येऊन उभा राहिला. पुढच्या क्षणी मैदानातल्या हजारो लोकांनी हात वर केले, प्रत्येकाचं पहिलं बोट नि करंगळी ताठ, मधली दोन अंगठ्याखाली दाबलेली.

बाबांचा चेहरा मी विसरू शकत नाही. इतकी माणसं एकदम ओरडून सांगत होती, उचल, उचल, माल उचल. त्यांनी तडक वर पाहिलं. आमच्या डोक्यावर खरंच साखळ्यांना टांगलेला लोखंडी सांगाडा होता, दिव्यांचा, आणि दिवे गरगर फिरत असल्यामुळे तो हलल्यासारखा वाटत होता. बाबांनी माझं कोपर धरून मला मागे खेचलं, मॉनिटरच्या भावाला छातीवर हात ठेवून मागे लोटलं, आणि दोन्ही हातांची फुली करून स्टेजकडे तोंड करून उभे राहिले. थांब, जीव जाईल. सभोवार हशा पिकला. त्या आवाजात हसणं ऐकू येत नाही, नुसते उघडे दात दिसतात, आणि ते जास्तच वाईट असतं. मॉनिटर पोट धरून वाकली होती. मी बाबांच्या समोर गेले, त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, आणि गोड हसत, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "मला बाप बदलून पाहिजे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान डोलावली, "हो, हो" केल्यासारखी, जशी ते काहीच न कळल्यावर डोलवायचे. इतकंच. मला वाटलं, सुटले.

यानंतर जे झालं ते मी आयुष्यभर माझ्या सगळ्यात चांगल्या दिवसाच्या जागी ठेवलेलं आहे. दुसरं गाणं सुरू झालं तेव्हा बाबांनी फुली केलेले हात खाली घेतले आणि एक हात कुंपणाच्या लोखंडी नळीवर टेकवला. टेकवला तो काढलाच नाही. त्यांची मान किंचित वाकडी झाली. डाव्या हाताचं एक बोट पँटच्या शिवणीवर ठोका धरू लागलं, आधी एकदा चुकलं, मग चुकेना. माझ्याकडे वळून त्यांनी हात उचलला, खूण करायला, आणि तो हात हवेतच राहिला. हॅमर शॉपच्या भाषेत 'ऐकू येतंय' याला खूणच नव्हती. तिथे ती कुणाला कधी लागली नव्हती. म्हणून त्यांनी ते तोंडाने म्हटलं, आणि मी त्यांच्या ओठांवरून वाचलं. ऐकू येतंय. चौदा वर्षांनी त्या माणसाला गाणं ऐकू येत होतं, छातीतून, नळीतून, बुटांच्या तळव्यांतून, कुठून का होईना, आणि ते रडत होते, उघड, पेन लावलेल्या पांढऱ्या शर्टात. मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी दोन शब्द ओठांवरून वाचू शकते तर हा माणूस काय काय वाचत असेल? पण सोळाव्या वर्षी स्वतःखेरीज दुसरं काही सुचत नाही.

आणि काय वाजवत होते ते लोक! मी नंतर पुष्कळ संगीत ऐकलं, चांगल्या सभागृहांत, चांगल्या खुर्च्यांवर बसून. इतका मोठा आवाज आणि इतका स्वच्छ मी पुन्हा ऐकलेला नाही. कॅसेटवर जो नुसता गोंगाट वाटायचा त्याचे इथे पापुद्रे सुटत होते. खाली जाड गिटार कापत चाललेलं, त्याच्यावर दुसरं गिटार चढत जाऊन एकाच सुरावर थरथरत थांबलेलं, आणि मागून ढोलांची ती न थकणारी धाव. गायक हाडकुळा होता. किंचाळायचा असा की अंगावर काटा यावा, आणि गाणं संपलं की एखाद्या बँकेतल्या कारकुनासारखा अदबीने आभार मानायचा. एकदा गिटारवाल्याची तार तुटली. तो आमच्याकडे पाठ करून खाली बसला आणि तार लावू लागला. बाकीच्यांनी तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत त्याची वाट पाहिली, कुणी घाई केली नाही, कुणी चेहरा केला नाही. तो उठला आणि बरोबर त्याच्या जागी येऊन शिरला. बाबांनी ते पाहून टाळी वाजवली, एकट्यानेच. कामाची माणसं कामाच्या माणसाला ओळखतात ते मी तेव्हा पाहिलं.

पण बाबांचा जीव जडला तो ढोलवाल्यावर. "दोन पाय!" ते माझ्या कानाशी ओरडले, आणि इथे त्यांचं ओरडणं कुणाच्या लेखी ओरडणं नव्हतं. "हॅमरच्या पेडलला एक पाय लागतो. याचे दोन्ही चालतायत, आणि एक ठोका मागे नाही की पुढे नाही! कुठे शिकला असेल?" त्या मैदानात सगळेच बहिरे होते, आणि बहिरं असायचा सराव असलेला माणूस एकच होता. पोरं एकमेकांच्या कानांत बोंबलून थकली होती. बाबा सहज बोलत होते. त्यांनी एका घामाघूम पोराला मूठ उघडझाप करून विचारलं, त्याला समजलं, पाण्याची बाटली आली. पुढे रेटारेटी झाली तेव्हा त्यांनी तळहात खाली दाबला आणि आख्खी रांग सावकाश मागे सरली. तासाभरात त्यांच्याभोवती सात-आठ जण जमले होते आणि हॅमर शॉपच्या खुणा शिकत होते. मॉनिटरचा भाऊ त्यांच्या पुढ्यात उभा राहून पहिलं बोट नि करंगळी वर करून विचारत होता, ही, ही, याचा अर्थ काय? बाबांनी हातांनीच सांगितलं, दोन आकडे, वर उचल. पोरगं थक्क झालं. त्याने ते सगळ्यांना सांगितलं, आणि शेवटच्या गाण्याला ते आठ जण बाबांकडे तोंड करून हात वर करत होते. बाबांनीही केला. व्हर्निअर असलेल्या खिशाच्या बाजूचा हात, पूर्ण सरळ, क्रेनवाल्याला लांबून दिसावा तसा. मॉनिटर माझ्याजवळ आली आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही, पण तिचा चेहरा पाहून मी अर्थ लावला की तिला असा बाप असता तर चाललं असतं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि तासाभरापूर्वी मी काय म्हणाले होते ते मी साफ पुसून टाकलं. कुणी ऐकलंच नव्हतं ना.

हा माझा दिवस. याच्यावर मी जगले म्हटलं तर ते फार होईल, पण वाईट दिवसांत मी तो काढून पाहिलेला आहे, आई गेली तेव्हा, माझं लग्न मोडलं तेव्हा. आणि आता कानाच्या बाईंनी वीसपैकी एकोणीस म्हणून त्याच्या पायाखालची फरशी काढून घेतली. बाबांनी ते वाक्य वाचलं असेल तर? नळीवर हात ठेवून रडणारा तो माणूस मग नक्की कशाने रडत होता?

आम्ही बसने घरी निघालो. नवं यंत्र बाबांच्या दोन्ही कानांत बसलं होतं, आणि ते प्रत्येक गोष्टीकडे वळून पाहत होते. बसच्या दाराचा फुसकारा. कुणाच्या तरी पिशवीची प्लास्टिकची चुरचुर. "ही टकटक कसली?" त्यांनी विचारलं, हळू आवाजात, आणि मी दचकले, कारण त्यांचा हळू आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. "वळताना दिवा लागतो ना, त्याची," मी म्हटलं. "इतकी वर्षं वाजत होती?" "हो." ते खिडकीतून बाहेर पाहू लागले. मी माझ्या कामाला लागले. दुसरं येतंय काय मला? मी ते वाक्य समोर घेतलं आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला लागले. मला बाप बदलून पाहिजे. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. मला... माप... बदलून... पाहिजे.

मी सीटवर सरळ बसले. माप! आणि पुढचा शब्द 'पाहिजे' होता. मी 'हवा' म्हणाले असते तर घात होता, बाप हवा, पण माप हवं, शेवटचं तोंड वेगळं झालं असतं. पाहिजेला लिंग नाही, वचन नाही, तो कुणालाही चालतो. वाक्य ओठांवर तंतोतंत एकच होतं. आणि मग मला तो दुसरा टी-शर्ट आठवला. त्या रविवारनंतर आठेक दिवसांनी बाबा कामावरून येताना एक पुडकं घेऊन आले होते. आत काळा टी-शर्ट होता, चित्र नाही, अक्षर नाही, कोरा काळा, बरोबर माझ्या अंगाचा. "घे, तुझ्या मापाचा," ते ओरडले होते. वाढदिवस नव्हता, परीक्षेचा निकाल नव्हता. आई म्हणाली, यांना काय झालंय? मी पण तेच म्हटलं. पस्तीस वर्षं मला त्या टी-शर्टचं कारण कळलेलं नव्हतं, आणि आता बसमध्ये कळलं. दादाचा शर्ट माझ्या गुडघ्यांपर्यंत येत होता, गळा घसरत होता, मी त्यांच्यासमोर उभी राहून सुट्या सुट्या शब्दांत तक्रार केली होती, आणि त्यांनी मान डोलावली होती. हो, हो. बदलून आणतो. मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. एका अक्षराने मी वाचले होते. माझा दिवस मला परत मिळाला होता.

पण मुद्रितं तपासणाऱ्या बाईचा एक रोग असतो. बरोबर आहे असं वाटून तिचं भागत नाही, मूळ प्रत पाहावी लागते.

घरी येऊन मी चहा ठेवला. बाबांनी कपात चमचा फिरवून तो आवाज ऐकला, पुन्हा फिरवला, मग यंत्र दोन्ही कानांतून काढून डबीत ठेवलं. "आजच्यापुरतं बास झालं. फार बडबड आहे जगात." ते खुर्चीत टेकले. मी त्यांच्यासमोर बसले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हटलं, "बाबा, मैदानात त्या दिवशी मी तुम्हाला काय म्हटलं होतं?"

त्यांनी कुठलं मैदान, कुठला दिवस, असं काही विचारलं नाही. "ते होय?" म्हणाले. "माप बदलून पाहिजे म्हणालीस."

माझा जीव भांड्यात पडला. इथे थांबायला हवं होतं. आईने मला हजारदा सांगितलं होतं की कुठे थांबावं ते तुला कळत नाही. "माप?" मी विचारलं. "की बाप?"

बाबा हसायला लागले. "अगं, मला दोन्ही एकच दिसतंय."

खरंच की. मी उठून माझ्या पिशवीतून एक मुद्रित काढलं, कसल्याशा खोकल्याच्या औषधाचं, त्याच्या कोऱ्या बाजूला दोन शब्द लिहिले, एकाखाली एक. माप. बाप. कागद त्यांच्यापुढे ठेवला. माझा चेहरा त्यांना दिसू नये असं मला वाटत होतं, म्हणजे अजूनही मी हेच समजत होते की त्यांना काही दिसत नाही. बाबांनी चष्मा लावला. दोन्ही शब्द नीट वाचले. मग माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि दुसऱ्या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

"ओठ सारखेच होते," ते म्हणाले. "पण मी काय नुसते ओठ बघतो? मापासाठी कुणी असं बघत नाही." मी मान खाली घातली तर त्यांनी टेबलावर टकटक केलं, वर बघ, म्हणजे मला वाचता येईल. मी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मोठेपणाही नव्हता. एखादं जुनं काम कसं केलं होतं ते सांगावं तसं ते सांगत होते. "चार दिवस विचार केला. बाप कुठून बदलून आणणार? दुकानं बघितली मग. माप आणता येण्यासारखं होतं, ते आणलं."

मला बोलायचं होतं. माफ करा म्हणायचं होतं, आणि त्यातही तोच म होता.

"अंगाला नीट बसला होता ना?" बाबांनी विचारलं. "तू कधी सांगितलं नाहीस."

मी ओठ हलवले. आवाज निघाला नाही. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहून घेतलं, मान डोलावली, आणि चहाचा कप उचलला.